सातवा डोळा

निखिलचा फोन आला तेव्हा मी आईच्या डाव्या डोळ्यात थेंब घालत होते. हा डोळा गेलेला आहे. दिसत काहीच नाही, पण आतला दाब वाढला की ठणकतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब. आई नव्वदीची, मी सत्तरीची. तिने मान मागे टाकायची आणि मी हात थरथरू न देता नेम धरायचा, असा आमचा क्रॉयडनच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधला रोजचा कार्यक्रम. फोन स्पीकरवर टाकला. "मावशी, निखिल बोलतोय. मम गेली. आज सकाळी. शी वॉज जस्ट सिटिंग इन हर चेअर." मी म्हटलं, "कोण गेली?" कळलं होतं कोण ते. पण माणूस उगाच विचारतो, तेवढाच एक क्षण मिळतो. आईने डोळे मिटलेलेच ठेवले होते. थेंब गालावरून ओघळून कानाशी गेला, तो तिने पुसलाही नाही. म्हणाली, "शालू गेली का? माझ्याआधी?" आणि मग जरा वेळाने, "तिची नीट माफी मागायची राहूनच गेली गं माझी..."

त्याला आता सात आठवडे झाले. शालनबद्दल लिहा, असा पुरवणीवाल्यांचा निरोप आला तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. थकले आहे हो मी. आईचं करून थकले, इकडच्या गाड्यांनी थकले आणि खरं सांगायचं तर शालनवर रागावून रागावून थकले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. नुसतं चांगलं बोलायला मात्र माझी जीभ रेटत नाही. तेव्हा जे झालं ते क्रमाने सांगते.

शालन म्हणजे डॉ. शालिनी हेर्लेकर, लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावणारी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात तिने तीस वर्षं डोळ्यांची डॉक्टर म्हणून काम केलं. गावाचं आणि हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही, त्यांचा यात दोष नाही. ती आणि मी मिरजेच्या शाळेत एका बाकावर. तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली. वडील एका डोळ्याच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, ते शिबिरांसाठी गावोगाव हिंडायचे. मग शालन शाळेतून थेट आमच्याकडे जेवायला. माझ्या आईने कधी "तिची आणि माझी" असा फरक केला नाही. उलट मला ओरडा बसायचा, "शालूकडे बघ, पानात काही टाकते का?" तिच्या घराशेजारी सतारी बनवणाऱ्यांचं कुटुंब होतं. त्यांच्या वहीत उजवीकडून डावीकडे काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही, याचाच तिला राग आला आणि दहाव्या वर्षी तिथल्या चाचांच्या मागे लागून तिने उर्दू लिपी शिकून घेतली. सतारीच्या भोपळ्यांच्या भुशात बसून अलिफ, बे गिरवायची. घरी आली की आई तिची परकरपोलकी झटकायची.

पुढे ती डॉक्टर होऊन इकडे आली, मी लग्न होऊन. माझी कौन्सिलमधली, म्हणजे इथल्या नगरपालिकेतली नोकरी, तिची हॉस्पिटलमधली. मध्ये दीड-दोन तासांची ट्रेन. महिन्यातून एक रविवार ठरलेला, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. आमच्या दोघींचेही नवरे एकापाठोपाठ गेले, तेव्हा रविवार दोन झाले. बाबांच्या मागे मी आईला इकडे आणलं. व्हिसाच्या त्या कागदांनी माझे निम्मे केस पांढरे केले, ते जाऊ दे. आई आल्यावर मात्र शालनचं माझ्याकडे काही काम उरलं नाही. ती यायची ती आईकडे. दारातून आत येतानाच बूट काढत विचारायची, "आई, पिठलं आहे का?"

पन्नाशीला बायका योगाला जातात, शालन अरबी शिकायला गेली. लंडनला संध्याकाळचा वर्ग होता, वर्गात सगळी पंचविशीची मुलं आणि ही एक डॉक्टरीणबाई. का, तर म्हणे एका कॉन्फरन्समध्ये कुणीतरी जुन्या अरबी पोथीतलं डोळ्याचं चित्र पडद्यावर दाखवलं. सात पडदे, मध्ये भिंग, सगळं रेखून काढलेलं. खाली काय लिहिलंय ते तिला अक्षर अक्षर वाचता आलं, अर्थ मात्र कळेना. परत तोच राग. मग काय, डिक्शनऱ्या आल्या, टेप आल्या, गाडीत बसलं की क्रियापदांचा पाढा. आणि एक दिवस एका लायब्ररीतून तिने एका हस्तलिखिताचे फोटो मिळवले. अब्बासी खलिफांच्या काळात बगदादला काम करणाऱ्या एका नेत्रवैद्याचं पुस्तक. त्याची पहिली पानं फाटून गेली होती, त्यामुळे लेखकाचं नाव नाही, गाव नाही, बापाचं नाव नाही. शालनने त्याचं नाव ठेवलं, बुवा. "आज बुवांनी कमाल केली." "बुवा आज चिडलेत, शिष्याने सुई पुसली नाही." आई तर बरेच दिवस समजत होती की शालू कुठल्यातरी कीर्तनकाराकडे जायला लागली आहे.

या बुवांमुळे माझ्यासारख्या कौन्सिलच्या बाईलाही ते जुनं बगदाद शेजारच्या गल्लीसारखं माहीत झालं. शालन भाजी चिरता चिरता सांगायची. ग्रीकांची पुस्तकं आधी सिरियाक भाषेत, तिथून अरबीत आणणारी माणसं होती. त्यात ख्रिस्ती होते, ज्यू होते, ताऱ्यांची पूजा करणारे होते, मुसलमान तर होतेच. एका शब्दावरून त्यांच्यात आठ-आठ दिवस वाद चालायचे. आपल्याकडच्या वैद्यांची पुस्तकंही तिथे पोचली होती. बाजारावर देखरेख करणारा अधिकारी डोळ्याच्या वैद्याची परीक्षा घ्यायचा. डोळ्याला पडदे किती, आतलं पाणी किती प्रकारचं, कुठल्या रोगात सुई लावायची नाही, हे सांगता आलं नाही तर दुकान बंद. बुवा मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना मदतनिसाला रोग्याच्या मागे उभं करून डोकं छातीशी धरायला लावत. नंतर अंड्याचा बलक आणि गुलाबाचं तेल लावून पट्टी. सात दिवस उताणं पडायचं, मोठ्याने बोलायचं नाही, आंबट खायचं नाही. वैद्य भांडून आला असेल तर त्या दिवशी त्याने सुईला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात कडक नियम शेवटच्या प्रकरणात होता. त्या प्रकरणात बुवांनी आपल्या हातून गेलेले डोळे लिहून ठेवले होते. कुणाचा, कधी, कुठली चूक, सगळं. शिष्याने बरे झालेले डोळे नंतर शिकायचे, हे गेलेले आधी पाठ करायचे.

एकदा महाराष्ट्र मंडळात तिचं यावर भाषण झालं. समोर आमची नेहमीची मंडळी. पुण्या-नागपूरहून आलेली सॉफ्टवेअरची पोरं मागच्या रांगेत मोबाइलवर, पुढे आम्ही पांढऱ्या केसांचे. भाषण संपल्यावर एक काका उभे राहिले. "पण डॉक्टर, हे सगळं मूळचं आपल्याकडूनच तिकडे गेलं ना?" शालन म्हणाली, "गेलं ना. त्यांनी ते वाचलं, चुका काढल्या, पुढे नेलं. आपण नुसते 'आपलं, आपलं' करत बसलो." काका लाल झाले. चहाच्या वेळी मी तिला म्हटलं, "जरा गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" तर म्हणाली, "मंदे, आपली चूक स्वतः लिहून ठेवणारा माणूस हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. मला त्याचं नाव माहीत नाही, याची मला लाज वाटते. काकांना गोड काय बोलू?" तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "शालू पहिल्यापासून खरं बोलणारी."

बुवांचं पुस्तक तिला मराठीतच आणायचं होतं. इंग्रजी करणारे करतील म्हणायची. मिरजेचे कंपाउंडर हेर्लेकर जन्मभर शिबिरात बॅटरी धरून उभे राहिले, त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही की उजेड नक्की कशावर पाडतोय. त्यांना वाचता येईल असं पुस्तक हवं. वडील जाऊन तीस वर्षं झाली होती, पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. ती हाताने लिहायची, निळ्या शाईने, आखीव कागदावर, आणि मी क्रॉयडनला कॉम्प्युटरवर टाइप करायची. तिची एक शिस्त होती. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात मूळ पोथीच्या पानाचा आकडा. तो आकडा नसलेली ओळ तिने कधी माझ्याकडे पाठवली नाही. "भाषांतर करणाऱ्याला स्वतःचं काही म्हणायचं नसतं," हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं आहे.

आता आईच्या डोळ्याचं. आठ वर्षांपूर्वी आईला मोतीबिंदू झाला. इथे क्रॉयडनला ऑपरेशन झालं असतं, पण शालनने हट्ट धरला. "आईचा डोळा दुसऱ्या कुणी करायचा नाही." जीपीकडून, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडून, तिच्या हॉस्पिटलला रेफर करून घेतलं. तिची निवृत्ती त्याच वर्षी होती. मी बाहेर बसले होते. वीस मिनिटांचं काम, पाऊण तास झाला तरी कुणी येईना. मग शालन बाहेर आली, टोपी हातात, चेहरा पांढराफटक. म्हणाली, "मंदे, आई मध्येच खोकल्या. मागचा पडदा फाटला." पुढचं थोडक्यात सांगते. दुसरं ऑपरेशन झालं, तिसरं झालं, दाब वाढला, आतला पडदा सुटला आणि चार महिन्यांत डोळा गेला. उजवा डोळा पुढे इथल्याच डॉक्टरांनी केला, तो उत्तम आहे, देवाची कृपा.

आईला हिवाळ्यात खोकल्याची ढास लागायची, हे खरंच होतं. तिने सगळा दोष स्वतःकडे घेतला. ऑपरेशनची गोष्ट ती येईल-जाईल त्याला सांगायची, अगदी पोस्टमनला सुद्धा, मराठीत. तोंडावर कापड टाकलं होतं, अंधार होता, शालूचा आवाज दमलेला आला, म्हणून मी विचारलं, "शालू, सकाळपासून काही खाल्लंस का गं?" ती म्हणाली, "बोलू नका आई." आणि मग मेला तो खोकला आला. तिचा काय दोष, तिचा हात सोन्याचा, मीच घात केला. दर वेळी शेवट हाच. शालन घरी आली की आई तिच्यासमोर हात जोडायची, "पोरी, तुझ्या नावाला माझ्यामुळे बट्टा लागला." डिंकाचे लाडू करून द्यायची, एका डोळ्याने गूळ किसून. शालन म्हणायची, "असू दे हो आई, झालं ते झालं." लाडू घेऊन जायची. निवृत्ती तिने सहा महिने आधीच घेतली. मला वाटलं, बुवांच्या पुस्तकासाठी घेतली.

शेवटची भेट तिच्या घरी, आमच्या शेवटच्या रविवारी. पुस्तक जवळजवळ संपलं होतं, राहिलं होतं ते गेलेल्या डोळ्यांचं प्रकरण. सगळ्यात सोपं प्रकरण तिने आठ वर्षं मागे ठेवलं होतं, हे मी तेव्हा लक्षातही घेतलं नाही. निघताना तिने माझ्या हातात जाड पाकीट दिलं. "हे टाइप करताना वाचत जा. नुसती बोटं चालवू नकोस." मी वैतागले होते. ट्रेन चुकली तर पुढची तासाने, आई घरी एकटी. म्हटलं, "बघते." तिने स्टेशनपर्यंत सोडलं. गाडीतून उतरताना म्हणाली, "घाई करू नकोस." मला वाटलं ट्रेनबद्दल बोलतेय. मी धावत सुटले.

दिवसकार्य वगैरे इथे कुठलं? क्रेमेटोरियममध्ये अर्धा तास मिळाला, तो झाला. नंतर दुसऱ्या आठवड्यात मी पाकीट उघडलं. प्रकरणाच्या सुरुवातीलाच बुवा म्हणतात की माझ्या हातून सहा डोळे गेले, ते असे. एक घोडेवाला, एक कारकून, एक दाई, असे एकामागून एक. प्रत्येकाशेजारी समासात आकडा. सहावा संपला आणि खाली सातवा सुरू झाला. समास कोरा.

सातवा डोळा बगदादच्या एका विधवा विणकर बाईचा होता. ती वैद्याला मुलासारखं वागवायची, लहानपणी तिने त्याला जेवू घातलं होतं, म्हणून तिचा डोळा आपणच करायचा असा त्याने हट्ट धरला. त्या दिवशी माणसं फार होती, उशीर झाला होता. बाईने कापडाखालून विचारलं, सकाळपासून तू काही खाल्लंस का?... इथे माझी बोटं थांबली. मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. पुढे लिहिलं होतं की वैद्याचं अवजार डोळ्याच्या आत होतं आणि त्याने मान वळवून शिष्याला सांगितलं, पुढच्याला आणून बसव. तेवढ्यात हात सरकला. पडदा फाटलेला त्याला दिसला. बाई खोकली ती त्यानंतर. "ती खोकली आणि मला कारण सापडलं. मी ते उचललं. ती माझी क्षमा मागत राहिली आणि मी ती घेत राहिलो." एवढंच. खाली निळ्या शाईने एक रेघ मारली होती आणि प्रकरण संपलं होतं.

मी काय केलं विचाराल तर आधी पाकीट भिंतीवर फेकलं. आई आतून ओरडली, "काय पडलं गं?" म्हटलं, "काही नाही." मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. चूक सगळ्यांच्या हातून होते. मी कौन्सिलमध्ये कमी घोळ घातले नाहीत. तिने त्याच दिवशी बाहेर येऊन सांगितलं असतं तर आईने तिला पोटाशी धरलं असतं, मी पैजेवर सांगते. पण आठ वर्षं! आठ वर्षं त्या म्हातारीला हात जोडू दिले, लाडू घेतले, डब्बा परत देताना वर "छान झाले होते" म्हणाली. आणि तोंड उघडायची वेळ आली तेव्हाही स्वतःचं उघडलं नाही, हजार वर्षांपूर्वीच्या एका भल्या माणसाच्या तोंडी घातलं. ज्याने आपले सहाच्या सहा डोळे प्रामाणिकपणे लिहिले, त्याच्या नावावर सातवा चढवला. बुवांनाही फसवलंस की गं शालन. तुझी मला फार आठवण येते आणि तुझा फार संताप येतो, आणि दोन्ही एकाच वेळी सोसायचं आता वय नाही.

निखिलला सांगणं भाग होतं. तो सॉलिसिटर, चाळिशीचा, इथेच जन्मलेला. शालनचं घर रिकामं करायला मी गेले तेव्हा किचनमध्ये त्याला ते पान वाचून दाखवलं, अर्धं इंग्रजीत समजावलं. त्याने किटली लावली. मग म्हणाला, "मावशी, हे पान ओरिजिनलमध्ये नाही ना?" म्हटलं, नाही. "मग ते काढायलाच पाहिजे. ट्रान्सलेशन आहे. यू कान्ट ॲड थिंग्ज." मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं." तो म्हणाला, "आणि आजीला कशाला सांगायचं? ती नव्वद आहे. माझी मम पण आता नाही. हू डज इट हेल्प?" खोटं सांगत नाही, मला ते पटलं. त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं आणि सोयीचंही होतं. पान काढलं की पुस्तक स्वच्छ, शालन स्वच्छ, मला काही करायला नको. येताना ट्रेनमध्ये मी ठरवूनच टाकलं की काढायचं. ईस्ट क्रॉयडनला उतरताना इतकं हलकं वाटलं की स्टेशनवर बसून कॉफी प्यायले.

घरी आले तर आई देवापुढे बसली होती. रोज ती आमच्या गेलेल्या माणसांची नावं घेते, बाबांपासून. त्यात आता शालूचं नाव आलं होतं. नाव घेऊन तिने कान पकडले आणि म्हणाली, "पोरी, माझ्यामुळे झालं, मला माफ कर." मेल्यावरसुद्धा! मी दारात उभी राहून ऐकलं. माझ्या लक्षात आलं की मी गप्प बसले तर आजपासून हे खोटं शालनचं राहणार नाही, माझं होईल. ती निदान आठ वर्षं तडफडली. मी तर कॉफी पिऊन आले होते.

मी कोटसुद्धा काढला नाही. आईशेजारी खाली बसले, बसल्यावर गुडघ्याने जो आवाज केला त्याने तीच दचकली. पान वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. "म्हणजे मी आधी खोकले नव्हते?" "नाही, आई." "नक्की?" "तिनेच लिहिलंय." आईचा चेहरा असा झाला की मला भीती वाटली. मग तिच्या तोंडून शिव्यांची जी सरबत्ती सुरू झाली ती मी मिरज सोडल्यापासून ऐकली नव्हती. "सटवी! माझ्या हातचं जेवून मोठी झाली आणि मलाच गंडवलंन? आता मी भांडू कुणाशी? आता येऊ दे पिठलं मागायला..." आणि तिथेच तिचा बांध फुटला. लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. शालू गेली त्या दिवशी रडली नव्हती, ते सगळं आता. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. दोघींच्या रडण्याने खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन "ऑल राइट, लव्ह?" विचारून गेली.

रात्रीचं जेवण आम्ही केलं नाही, नुसता दहीभात खाल्ला. ताटं उचलताना आई म्हणाली, "पोरीने लिहिलंन मात्र. न लिहिता गेली असती तर कुणाला कळलं असतं?" मी म्हटलं, "निखिल ते पान काढायचं म्हणतोय." "का?" "मूळ पुस्तकात नाही म्हणून. त्या बुवांनी ते लिहिलेलं नाही." आई म्हणाली, "मग काढा तिथून. त्या बिचाऱ्यावर कशाला?" मला वाटलं, संपलं. तेवढ्यात म्हणाली, "पण ही बगदादची विणकरीण कोण?" म्हटलं, "कोणी नाही गं, तूच." तर आई ताडकन म्हणाली, "मग माझं नाव का नाही तिथे? डोळा माझा गेला. आठ वर्षं माफी मी मागितली. आणि पुस्तकात नाव लागणार बगदादच्या बाईचं? ते चालायचं नाही. माझं नाव घाल."

निखिलला फोन करून हे सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आजी असं म्हणाली? ओके... मग ममचं पण नाव घाला." पुस्तक येईल तेव्हा बुवांचे डोळे सहाच असतील, सातवा शेवटी वेगळ्या पानावर, आईच्या आणि शालनच्या नावाने. पण छापखान्याचं काम सावकाश चालतं आणि आईला आता थांबायला सांगायची माझी हिंमत नाही. म्हणून हा लेख. शालनबद्दल चार शब्द लिहा म्हणालात, त्यातले शेवटचे आईचे आहेत. तिने सांगितले, मी लिहून घेतले, आणि परत वाचून दाखवल्यावर तिने मान हलवली:

"मी द्वारका शंकर चिकोडे, राहणार मिरज, सध्या क्रॉयडन. माझा डावा डोळा डॉक्टर शालिनी हेर्लेकर यांच्या हातून गेला. त्यांची घाई झाली. मी खोकले ते नंतर. पोरगी सकाळपासून उपाशी होती."